मिक्सर गेला, आता जनरेटर तरी वाचवायचाय... जीपीएस कुठला घेऊ?

प्रश्न: नमस्कार दादा, माझं उचगावात बांधकामाचं साहित्य भाड्यानं द्यायचं काम आहे. ट्रॉलीवरचा २५ केव्हीएचा जनरेटर, दोन डिझेल मिक्सर, ब्रेकर, व्हायब्रेटर, एक कॉम्पॅक्टर आणि एक लेझर लेव्हल एवढा पसारा. त्यातला एक मिक्सर मागच्या महिन्यात फुलेवाडी रिंगरोडच्या साईटवरनं रात्रीत गायब झाला. पोलिसात अर्ज दिलाय, अजून काय पत्ता नाही. आता पोरगा म्हणतोय एअरटॅग लावू, त्याच्याकडं आयफोन आहे. एक दुकानदार म्हणतोय लाईफटाईम फ्री सिमवालं जीपीएस घ्या. पाव्हण्यानं ऑनलाईन मॅग्नेटवालं मागवलंय, तो म्हणतोय हेच भारी. घरची म्हणत्यात त्यापेक्षा वॉचमन ठेवा. पंधरा हजारापर्यंत घालायची तयारी आहे. सगळ्या मशीनला बसवू का मोठ्या मशीनलाच? आणि गिऱ्हाईकाला वाईट वाटंल का, आमच्यावर संशय घेतोय म्हणून? – एक वाचक, उचगाव

उत्तर: नमस्कार मालक. मिक्सर गेल्याचं वाचून वाईट वाटलं, नुसती मशीनची किंमत जात नाही, पुढं ठरलेली भाडी पण हातातनं जातात आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडं वळतंय ते वेगळंच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. जीपीएसनं चोरी थांबत नाही. कुणीही दुकानदार काहीही सांगू दे, ते डबडं चोराचा हात धरत नाही, ते फक्त तुम्हाला वेळ मिळवून देतंय. आणि कोल्हापुरात तो वेळ लय कमी असतोय. रात्री रस्ता मोकळा असला की हायवेला लागून पाऊण तासात निपाणी, म्हणजे राज्यच बदललं. फुलेवाडीतनं सरळ निघाला की कळे, साळवण, गगनबावडा, तिथनं खाली कोकण. मिक्सर ट्रॅक्टरच्या मागं लावला किंवा छोट्या हत्तीत चढवला तर रस्त्यात कुणी विचारत पण नाही, सकाळी स्लॅब असंल म्हणून नेत असतील असंच वाटतंय बघणाऱ्याला. म्हणून कुठलं जीपीएस चांगलं हा प्रश्न बाजूला ठेवा आणि असं विचारा की मशीन हललं की मला किती मिनिटात कळणार, आणि पुढचे दोन तास ते मला दिसत राहणार का. तुम्हाला जे तिघांनी तीन सल्ले दिलेत ते सगळे याच मापानं मोजायचे.

पोराच्या एअरटॅगपासनं सुरू करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याचाच आहे. एअरटॅग म्हणजे वस्तू शोधायला लावायची ॲपलची छोटी चकती, त्यात जीपीएस नसतंय. सिमपण नसतंय. आत एक बटणसेल, सीआर२०३२, वर्षभर चालतोय, आणि ब्लूटूथ. तो टॅग नुसता आपली खूण हवेत सोडत राहतो, आणि जवळनं जो कुणी ॲपलचा फोन घेऊन जाईल तो फोन गुपचूप ती जागा ॲपलकडं पोचवतो. म्हणजे वाटेत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं घरी निरोप धाडणाऱ्या माणसासारखं आहे ते, माणूस आला तर निरोप जाणार, नाही आला तर बसा वाट बघत. महाद्वार रोडला गणपतीच्या मिरवणुकीत टॅग टाका, मिनिटामिनिटाला ठिकाण दिसंल. तोच टॅग मध्यरात्री गगनबावड्याच्या रस्त्याला उसाच्या फडाकडंला उभ्या असलेल्या मिक्सरला लावलेला असला तर सकाळी कुणी आयफोनवाला तिथनं जाईपर्यंत तुमच्या मोबाईलवर जुनंच ठिकाण दिसत राहणार. आपल्याकडं बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइड आहे हे पण विसरू नका.

मग अँड्रॉइडवर चालणारे टॅग घेऊ असं म्हणाल, गूगलचं तसलं नेटवर्क २०२४ पासनं सुरू झालंय, जिओचा पण त्यावर चालणारा टॅग मिळतोय. पण त्यात एक गोम आहे. लोकांच्या फोनमध्ये मूळची सेटिंग अशी असती की वर्दळीच्या जागेतच फोन टॅगची खबर देतो, म्हणजे एकापेक्षा जास्त फोननी तो टॅग टिपला तर. आडरानात एकच ट्रॅक्टरवाला जवळनं गेला तर काय उपयोग नाही.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हे टॅग चोरालाच सांगतात की बाबा तुझ्याबरोबर मी आहे. चेष्टा नाही करत. बायकापोरींच्या पर्समध्ये असले टॅग टाकून पाठलाग करायचे प्रकार जगभर झाले, म्हणून कंपन्यांनी मुद्दाम तशी सोय केली. अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय असं दिसलं की आयफोनवर मेसेज येतो, अँड्रॉइडवर पण २०२३ पासनं येतोय. शिवाय मालकाच्या फोनपासनं बराच वेळ लांब राहिला आणि कुणी हलवला की एअरटॅग स्वतःच आवाज करतो, आठ ते चोवीस तासांच्या मधी कधीपण. यूट्यूबवर स्पीकर काढून टाकायचे व्हिडिओ आहेत, पोरगा दाखवंल तुम्हाला, त्याच्या नादाला लागू नका. ज्यासाठी ती सोय केली ती चांगल्यासाठीच केल्या.

तरीपण टॅग टाकाऊ नाही. तुमची लेझर लेव्हल, सपाटी बघायचं ते छोटं यंत्र, तेच घ्या. ती चोरीला कमी जाते, विसरली जास्त जाते. गवंडी म्हणतो सेंट्रिंगवाल्याकडं दिली, सेंट्रिंगवाला म्हणतो मी तर तुमच्याच पोराकडं दिली, आणि ती असते तिसऱ्याच साईटवर सिमेंटच्या पोत्याखाली. तिथं टॅग एक नंबर. बॅगेच्या अस्तरात टाका, पोराच्या आयफोनवर जोडा, संपला विषय. फक्त पोरगा पुण्याला शिकायला गेला की ठिकाण त्याच्याच फोनवर दिसणार, तेव्हा ॲपमध्ये घरातल्या दुसऱ्या आयफोनवाल्याबरोबर तो टॅग शेअर करून ठेवायचा.

आता खरं जीपीएस. ह्यात दोन कामं वेगवेगळी असतात आणि दुकानदार ती एकत्र करून सांगतो म्हणून गोंधळ होतो. पहिलं काम, उपग्रहाचं ऐकून स्वतःची जागा ओळखणं. हे कुठंपण होतंय, डोंगरात पण होतंय, फक्त वर मोकळं आभाळ पाहिजे. दुसरं काम, ती जागा तुमच्या मोबाईलवर कळवणं, आणि ह्याला सिम आणि टॉवर लागतोय. घाटात रेंज गेली की मशीन कुठं आहे हे त्या डबड्याला कळतंय पण तुम्हाला सांगता येत नाही. चांगलं डबडं असंल तर ती सगळी ठिकाणं साठवून ठेवतंय आणि रेंज आली की एकदम पाठवतंय, म्हणजे निदान कुठल्या रस्त्यानं गेलं ते तरी कळतंय. ही सोय आहे का ते विचारा, हलक्या मालात नसते. उलटं पण होतंय बरं का, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये किंवा कंटेनरमध्ये मशीन घातलं की बऱ्याचदा रेंज असते पण उपग्रह दिसत नाही, मग ते टॉवरवरनं अंदाजानं जागा सांगतंय आणि तो अंदाज शहरात काही शे मीटर, खेड्यात एक-दोन किलोमीटरनं पण चुकतोय. मोकळ्यावर मात्र पाच-दहा मीटरमध्ये बरोबर सांगतंय.

सिमचं म्हणाल तर पाव्हण्याला एक विचारा, त्याचं मॅग्नेटवालं २जी आहे का ४जी? ऑनलाईन स्वस्तात मिळणारी लय डबडी अजून २जीवालीच असतात, आणि जिओला २जी नाहीच, मुळात सुरुवातीपासनं नाही. म्हणजे घरात पडलेलं जिओचं सिम टाकून बघितलं, चाललं नाही, डबडं खराब म्हणून परत पाठवलं, असा खेळ होतो. एअरटेल किंवा व्हीआयचं २जी अजून चालतंय पण आज नवीन मशीनसाठी पैसे घालताना २जी घ्यायचं म्हणजे उद्याचं दुखणं आजच विकत घ्यायचं. सरळ ४जी घ्या. आणि तुमची मशीनं ज्या भागात जास्त जातात तिथं कुठल्या कंपनीची रेंज आहे ते तुमच्या ड्रायव्हरला माहीत असतंय, कंपनीच्या नकाशापेक्षा त्याचं ऐका.

लाईफटाईम फ्री सिम! हे ऐकलं की मला हसायलाच येतंय. कुणाची लाईफ, तुमची, डबड्याची का कंपनीची? त्या डबड्यात बहुतेक वेळा मशीनसाठीचं सिम असतंय, तेरा आकडी नंबरवालं, कंपनीच्या नावावर. कंपनीनं पुढं पैसे भरायचे बंद केले की तुमचं डबडं मुकं. आणि काही डबडी अशी असतात की ती त्याच कंपनीच्या सर्व्हरला बांधलेली, दुसऱ्या कुणाचं ॲप लावता येत नाही. म्हणून दुकानदाराला दोनच प्रश्न विचारायचे, मी माझं सिम टाकू शकतो का, आणि उद्या तुमचं ॲप बंद पडलं तर सर्व्हर बदलायचा पासवर्ड मला देणार का. दुसऱ्या प्रश्नाला जो "ओ मालक, तसं काय होत न्हाई" म्हणतो त्याच्याकडनं घेऊ नका. वर्षाला रिन्यूअल किती ते बिलावर लिहून घ्या, तीन वर्षाचा हिशोब करा, मग कळतंय की दोन हजाराचं डबडं आणि साडेतीन हजाराचं डबडं शेवटी सारखंच पडतंय. आणि कुणी एआयएस-१४०वालं गळ्यात मारायला लागला तर नको म्हणा, ते बस-टॅक्सीसाठी सरकारनं सक्तीचं केलेलं असतंय, पॅनिक बटण वगैरे असतंय त्यात, तुमच्या जनरेटरवर पॅनिक बटण कोण दाबणार आहे.

आता तुमच्या एकेका मशीनचं बोलू, कारण सगळ्याला एकच औषध नाही.

जनरेटर. ह्याला वायरवालं बसवा, पैसे इथंच घाला. २५ केव्हीएला सेल्फस्टार्ट असतोय म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी आहेच, तिच्यावरनं डबड्याला कायम करंट मिळतोय, चार्जिंगची कटकट नाही. पण आतमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असलेलंच घ्या. चोर शहाणा असला तर पहिलं बॅटरीचं टर्मिनल काढतो, आणि खरं सांगू का, तुमच्या दृष्टीनं तोच सोन्याचा क्षण असतोय, कारण पॉवर कट झाल्याचा अलर्ट ट्रॉली जागची हलायच्या आधीच येतो. आतली बॅटरी नसली तर टर्मिनल निघालं की डबडं पण गेलं, अलर्ट पाठवायला कोण राहिलं?

बसवायचं कुठं? कॅनोपीचा, म्हणजे जनरेटरवरच्या खोक्याचा, पत्रा लोखंडी, आत घातलं तर उपग्रह दिसत नाही, आणि सायलेन्सरच्या बाजूला ठेवलं तर बॅटरी फुगते, लिथियमच्या बॅटरीला उष्णता अजिबात चालत नाही. कंट्रोल पॅनलच्या मागची जागा बघा, पॅनलला काच किंवा फायबरचं तोंड असतंय तिथनं सिग्नल जातो, अँटेना आभाळाकडं तोंड करून. वायर बॅटरीच्या प्लसला थेट जोडायची, मधी एक छोटा फ्यूज, आयसोलेटरच्या, म्हणजे बॅटरी तोडायच्या स्विचच्या, अलीकडनं, नाहीतर तुमचाच माणूस संध्याकाळी आयसोलेटर बंद करून जाणार आणि रोज पॉवर कटचा अलर्ट येणार, आठवड्यात तुम्ही अलर्टच बंद करून टाकाल. वायर बाकीच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, घालून काळी टेप गुंडाळा, लाल-पिवळी नवीन वायर लोंबकळत ठेवायची म्हणजे चोराला बोटानं दाखवल्यासारखं. एखाद्या मुरलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडनं करून घ्या, उद्यमनगरात असले हात कमी नाहीत. आणि जनरेटर पावसाळ्यात महिनाभर उभा राहणार असला तर लक्ष ठेवा, असलं डबडं तीस मिलीअँपियर जरी खात असलं तरी दिवसाला पाऊण अँपियर-अवर जातो, महिन्यात वीस-बावीस, बॅटरी जुनी असंल तर सेल्फ मारायला ताकद राहत नाही. दहा-बारा दिवसांनी जनरेटर थोडा वेळ चालवायचा.

ह्याच डबड्याला एक इग्निशनची वायर असते, बरेच लोक ती जोडतच नाहीत. जोडा. जनरेटर किती वाजता चालू झाला, किती वाजता बंद झाला ह्याची नोंद होते, आणि गणपतीत-लग्नसराईत मंडळवाले "ओ, चारच तास चालवला" म्हणतात ना, तेव्हा मोबाईल पुढं करायचा. एखाद-दुसऱ्या सीझनमध्ये डबड्याचे पैसे ह्यातनंच सुटतात, चोरी होवो न होवो. भांडण पण होत नाही, कारण आकडा तुम्ही सांगत नाही, मशीन सांगतंय.

उरलेला मिक्सर. ह्याला वायरवालं चालत नाही, कारण हँडल मारून सुरू करायचं इंजिन, बॅटरीच नाही, वायर जोडणार कशाला? म्हणजे इथं पाव्हण्याचा मॅग्नेटवाला प्रकारच लागतो, मोठ्या बॅटरीचा, पण तो जसा विकतात तसा नाही. खोक्यावर "९० दिवस बॅटरी" लिहिलेलं असतंय ते डबडं झोपून राहिलं आणि दिवसातनं एक-दोनदा ठिकाण पाठवलं तर. हललं की जागं होतंय आणि भराभरा ठिकाण पाठवायला लागतंय, चोरीसाठी तेच पाहिजे, पण तुमचा मिक्सर दिवसभर थरथरतच असतो की! सकाळी आठला माल कालवायला सुरू केला की डबड्याला वाटतंय चोरी सुरू झाली, ते संध्याकाळपर्यंत जागं, आणि नव्वद दिवसाची बॅटरी आठवड्यात झोपते. म्हणून घेताना बघा की वेळ लावायची सोय आहे का, दिवसा झोप आणि रात्री आठ ते सकाळी सहा हललं तर अलर्ट. ती सोय नसंल तर मिक्सरसाठी ते डबडं घेऊ नका, कितीपण स्वस्त असू दे.

मॅग्नेटच्या भरवशावर पण राहू नका, थरथरीनं सुटतंय, आणि संध्याकाळी पोरं मिक्सर पाइपनं धुतात तेव्हा स्लरीबरोबर खाली. छोटा कप्पा वेल्डिंग करून घ्या ज्याच्या तीन बाजू पत्र्याच्या आणि आभाळाकडची बाजू जाड प्लास्टिकची, वरनं रंग मारला की मिक्सरचाच भाग वाटतोय. सगळीकडनं पत्रा मारून पेटी केली तर सिग्नल आतच मरतो. आयपी६७ लिहिलेलं घ्या, पण त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास एवढाच, पुराचा नाही. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता हे तुम्हाला मी सांगायला नको, पंचगंगेच्या काठच्या साईटवर मशीन असंल तर जुलै-ऑगस्टमध्ये जीपीएसकडं बघत बसू नका, मशीनच वर काढा.

कॉम्पॅक्टर, ब्रेकर, व्हायब्रेटर, ह्यांना काहीच बसवू नका. खरंच. ब्रेकरच्या आत कुठलंही इलेक्ट्रॉनिक टिकत नाही, आणि पेटीत टॅग टाकला तर चोर पेटी टाकून ब्रेकर नेतो. इथं पंच मारा. बॉडीवर तुमचं नाव आणि नंबर खोलवर, दोन जागी, एक दिसेल अशी आणि एक कॅप उघडल्यावर दिसेल अशी. सिरीयल नंबरच्या प्लेटचा फोटो, बिलाचा फोटो, भाड्यानं नेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स आणि डिपॉझिट. मोटरच्या तांब्याला भंगारात भाव चांगला मिळतोय म्हणून छोटी मशीनं उचलली जातात, पण नाव पंच केलेला माल घ्यायला भंगारवाला जरा बिचकतो. सगळेच नाही बिचकत, हे पण तितकंच खरं.

आणि चेन घ्या! मिक्सरच्या चाकातनं काढून कॉलमच्या सळ्यांना किंवा दुसऱ्या जड मशीनला, चांगलं कुलूप. कापायला दहा मिनिटं लागली तरी रात्रीच्या शांततेत ग्राइंडरचा आवाज कुणाला तरी ऐकू जातो, आणि तेवढ्यात हलल्याचा अलर्ट पण आलेला असतो. ओढायचा दांडा निघणारा असंल तर रात्री काढून घरी न्या. पंधरा हजारात तुमचं असं बसंल, जनरेटरला चांगलं वायरवालं, मिक्सरला बॅटरीवालं, लेझरला एक टॅग, आणि उरलेल्यात दोन चेन-कुलपं आणि पंच. वॉचमनचं घरचं म्हणणं चुकीचं नाही, पण तुमची मशीनं रोज वेगळ्या साईटवर, एक वॉचमन कुठं कुठं पुरणार. साईटवर गिऱ्हाईकाचा वॉचमन असंल तर त्याचा नंबर मात्र घेऊन ठेवा, अलर्ट आला की पहिला फोन त्यालाच करायचा, कारण तुम्ही उचगावातनं निघेपर्यंत तोच जवळ असतोय.

गिऱ्हाईकाला वाईट वाटंल का? लपवलं तर वाटंल. भाड्याच्या पावतीवर एक ओळ छापून घ्या, "मशीनला जीपीएस बसवलेले आहे, मशीन ठरलेल्या साईटबाहेर नेल्यास आधी कळवावे." संशयाचा प्रश्नच येत नाही, आणि गिऱ्हाईक परस्पर तुमचं मशीन दुसऱ्याला भाड्यानं देतंय ते पण बंद होतंय, जे तुमच्या धंद्यात किती चालतंय ते तुम्हालाच माहीत. फक्त एक पाळा, मशीनला बसवा, माणसाला नाही. तुमच्याच ड्रायव्हरच्या गाडीत, कामगाराच्या पिशवीत गुपचूप टॅग टाकायचा विचार कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा, ते कायद्यात पण अंगलट येतंय.

उद्या रात्री अलर्ट आलाच तर काय? आधी ११२. मशीन ह्या ह्या रस्त्यानं ह्या दिशेला चाललंय, लाईव्ह लिंक माझ्याकडं आहे, असं सांगायचं. मागोमाग स्वतः मोटरसायकल काढून चोराला गाठायला जाऊ नका, चार पोरं गोळा करून तर अजिबातच नाही, एका मिक्सरपायी हाणामारी होऊन उलटा गुन्हा तुमच्यावर पडतोय. लांबनं बघा, लिंक पोलिसांना द्या. डबड्यानं गोडाऊन दाखवलं तरी आत शिरायचा अधिकार तुम्हाला नाही, पंचनामा त्यांनीच करायचा. मशीन दुसऱ्या हद्दीत, अगदी निपाणीला गेलं तरी जवळच्या ठाण्यात फिर्याद घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, १ जुलै २०२४ पासनं नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात ते स्पष्ट लिहिलंय. मशीन सापडलं की ते ठाण्यातच राहतंय, कोर्टातनं सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लागंल तेव्हा हजर करतो अशा हमीवर, सोडवायला बिल आणि सिरीयल नंबर लागतोय, म्हणून ते फोटो आत्ताच काढून घरच्यांच्या मोबाईलवर पण टाकून ठेवा.

ह्यावरनं आठवलं, तुम्ही लिहिलंय "पोलिसात अर्ज दिलाय". नुसता अर्ज का एफआयआर? दोन्हीत फरक आहे मालक. अर्जावर पोचचा शिक्का मिळतो, गुन्हा दाखल होतोच असं नाही. चोरी म्हणजे दखलपात्र गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं ३०३ कलम, मिक्सरची किंमत बघता एफआयआर झालाच पाहिजे आणि त्याची प्रत तुम्हाला फुकट मिळते. ठाण्यात घेत नसतील तर तीच फिर्याद लेखी करून पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, तीपण १७३ मध्येच सोय आहे. विमा काढलेला असंल तर एफआयआरशिवाय क्लेम पुढं सरकत नाही. नसंल काढलेला तर जनरेटरचा तरी बघा, बांधकामाच्या मशिनरीसाठी वेगळी पॉलिसी असते, सीपीएम म्हणतात, त्यात चोरी धरतात, पण रात्री मशीन कुठं आणि कसं ठेवलेलं पाहिजे ह्याच्या अटी एजंटकडनं वाचून घ्या, तोंडी नको.

शेवटचं, दुकानात पैसे द्यायच्या आधी डबडं चालू करून अलर्ट तुमच्या फोनवर कसा येतो ते बघा. नुसतं नोटिफिकेशन येत असंल तर ते व्हॉट्सॲपच्या गुड मॉर्निंगमध्ये बुडून जाणार. फोन वाजला पाहिजे, कॉल आला पाहिजे, आणि तो नंबर सायलेंटमध्ये पण वाजंल असा फोनमध्ये सेव्ह करून घ्या, तुमच्या आणि पोराच्या दोघांच्या. बसवून झालं की एका रात्री, कुणाला न सांगता, पोराला दोन वाजता उठवून जनरेटरचं टर्मिनल काढायला लावा. तुम्ही झोपलेलेच राहिलात तर दुसऱ्या दिवशी डबडं घेऊन परत दुकानात जायचं.